शोरूममधलं बिरडं

रोह्याजवळच्या, कुंडलिका नदीपलीकडच्या अष्टमीत भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा घरमालकीणबाईंनी मला पगार विचारला नाही, आणि लग्न का झालं नाही हेही विचारलं नाही. दारात उभं करून एकच प्रश्न केला, "गाडी हाय काय तुझ्याकडं?" मला वाटलं, अंगणात गाडी लावायला जागा नसेल, म्हणून घाईघाईने नाही म्हणून टाकलं. बाईंचा चेहरा खुलला. आत बोलावून त्यांनी चहा टाकला आणि भाडंही आपणहून थोडं कमी केलं. ज्याच्याकडे गाडी नाही तो भाडेकरू आज ना उद्या गाडी घेणार आणि घ्यायला जाताना आपल्याला सोबत नेणार, हा हिशोब त्यामागे होता. तो कळायला मला काही महिने लागले.

सगळे त्यांना काकी म्हणत, मीही म्हणू लागले. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पनवेलला. घराच्या मागे त्यांनी खोल्या काढल्या होत्या आणि त्यांत बहुतेक धाटावच्या कंपन्यांत शिफ्ट करणारी माणसं राहायची. काकींच्या स्वतःकडे सायकलसुद्धा नव्हती. रोह्याच्या बाजारात जायचं तर त्या कुंडलिकेचा पूल ओलांडून चालत जात, आणि कुणी मागे बसा म्हटलं तर पाय मोडलेत का माझे, असं विचारत. पण आमच्या आळीत एकही स्कूटर, रिक्षा किंवा टेम्पो काकींना वगळून आलेला नव्हता. दारावरून गाडी गेली की त्या तिच्याकडे कौतुकाने बघत आणि ती किती स्वस्तात पडली ते शेजारणीला पुन्हा एकदा ऐकवत. शेजारीण बिचारी प्रत्येक वेळी नव्याने आश्चर्य करायची.

गंमत म्हणजे गाडीतलं त्यांना काही म्हणजे काही कळत नव्हतं. "गाडी पळते कशी ते तू बघ. भाव मी बघते," अशी त्यांची कामाची वाटणी होती. भाव बघणं म्हणजे घासाघीस करणं असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नाही. घासाघीस करणाऱ्या बायका मी खूप पाहिल्यात, माझी आई त्यातलीच. काकी शोरूममध्ये जाऊन बिरडं सोलत.

ज्यांनी हे काम कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कडवे वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून बाहेर काढायचा. घरातल्या सगळ्यांना पुरेल एवढं बिरडं सोलायला बसलं की दुपार जाते. काकींचं माहेर आतल्या गावातलं. तिथे भात कापला की शेतात वालच असतात, त्यामुळे वालांना तोटा नव्हता. गाडी घ्यायला जायच्या दिवशी त्या मोड आलेल्या वालांचा मोठा डबा, एक ताटली आणि सालांसाठी पिशवी घेऊन निघत. शोरूमच्या गार हवेत सोफ्यावर ऐसपैस बसायचं, ताटली मांडीवर घ्यायची आणि सुरू करायचं. सेल्समनने किंमत सांगितली की मान खालीच ठेवून म्हणायचं, "बघ अजून जरा." तो आत मॅनेजरकडे जाऊन यायचा आणि थोडी उतरवून सांगायचा. काकी पुन्हा तेच म्हणायच्या. त्यांनी स्वतः कधीही आकडा उच्चारला नाही. आपण आकडा बोललो की आपणच त्यात अडकतो, असं त्यांचं मत होतं. किंमत सांगायचं काम दुकानदाराचं, नको म्हणायचं आपलं.

आणि बिरडं संपल्याशिवाय त्या उठत नसत. त्या आधी उठल्या आहेत असं कुणीही, कधीही पाहिलेलं नव्हतं. पेण आणि रोहा, दोन्हीकडच्या शोरूममध्ये हे माहीत झालं होतं. काकी दारातून आत आल्या की सेल्समन त्यांच्या तोंडाकडे नाही, डब्याकडे बघत. डबा मोठा दिसला की आळीपाळीने जेवून घेत. एकदा चिमटीतून सुटलेला दाणा नव्या मोटारीच्या चाकाखाली गेला, तेव्हा काकींनी मॅनेजरला वाकून तो काढायला लावला आणि त्याच दिवशी त्या मोटारीची किंमत उतरली, असं त्या सांगत. मला ते खरं वाटत नाही. पण काकींना खोटं पाडायची माझी छाती नव्हती.

शोरूमच्या चहाला त्या हात लावत नसत. "चहा घेतला की आपन पावणे झालो. पावण्यानं भाव करायचा नसतो." पाण्याची बाटलीसुद्धा घरची. हा भाव फक्त आजचा आहे, उद्या वाढणार, असं कुणी म्हणालं की त्या शांतपणे "मग उद्या येतो" म्हणायच्या आणि जागच्या हलायच्या नाहीत. एका सेल्समनने किमतीत हँडलिंग चार्ज म्हणून काहीतरी लावलं होतं. हे काय, असं काकींनी विचारलं. गोडाऊनमधून गाडी इथवर आणायची, धुवायची, पुसायची, त्याचे ते, असं तो म्हणाला. काकींनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "मग आमाला न पुसलेली दे." तो चार्ज गेला.

पण त्यांचा खरा राग होता तो हप्त्यावर. डोलवीच्या पोलादाच्या प्लांटवर कंत्राटात फिटर असलेला आमच्यातला एक भाडेकरू मोटारसायकल घ्यायला निघाला. सेल्समनने किंमत बाजूलाच ठेवली आणि हप्ता सांगायला घेतला. इतका बारीक हप्ता, रोजचा एक वडापाव सोडलात तरी सुटेल सर, वगैरे. फिटर वडापाव सोडायला तयारही झाला. काकींनी हातातला दाणा ताटलीत टाकला आणि म्हणाल्या, "हप्ता नको सांगूस रे बाबा. आज देनार ते आन मग शेवटच्या महिन्यापर्यंत देनार ते, सगळं मिळून किती, तेवढं सांग." सेल्समनने नाइलाजाने कॅल्क्युलेटर काढला. आकडा निघाला तेव्हा फिटरला पंख्याखाली बसवावं लागलं. व्याज तर होतंच, वर वाढीव वॉरंटी होती, न मागितलेला विमा होता आणि कसलंसं सभासदत्वाचं कार्ड होतं. ते सगळं काढायला लावून, कर्जाची मुदत निम्मी करून काकी उठल्या, तेव्हा डब्यात एक दाणा उरला नव्हता. तो फिटर अजून कुठेही गेला की हप्ता ऐकूनच घेत नाही. साडी घ्यायला गेला तरी सगळं मिळून किती, असं विचारतो, म्हणे.

काकी हरल्या तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल मी आरतीच करतेय. शेजारच्या खोलीत नवं जोडपं राहायला आलं होतं. काकींनी दोघांना दटावून ठेवलं होतं की गाडीला हात लावायचा नाही, तिच्यावर बसायचं नाही, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. सगळं ठीक चाललं होतं. मग त्या मुलीने लाल स्कूटरचा आरसा आपल्याकडे वळवला, केस सारखे केले आणि नवऱ्याकडे बघून हसली. सेल्समनने ते पाहिलं. त्यानंतर काकींनी अर्धा डबा सोलला तरी किंमत जागची हलली नाही आणि गाडी पुऱ्या किमतीला घ्यावी लागली. आठवडाभर त्या जोडप्याशी बोलल्या नाहीत. मग एक दिवस त्याच मुलीला घेऊन त्याच आरशात बघत उभ्या असलेल्या त्या मला दिसल्या.

गाडी घ्यायचा त्यांचा हंगामही ठरलेला होता, आणि तो जगाच्या उलटा होता. पितृपक्ष. लोक त्या पंधरवड्यात नवा रुमालसुद्धा घेत नाहीत. गणपतीत पेणच्या मूर्तींच्या कारखान्यांत पैसा खेळलेला असतो आणि तिथली माणसं त्याच दिवसांत गाड्या नेतात, त्यामुळे शोरूमवाले जोरात असतात. गणपती गेले की सगळं सामसूम. सेल्समन दारात उभे राहून रस्त्यावरची माणसं मोजतात. काकी म्हणायच्या, ठरवायची आता, न्यायची दसऱ्याला. पितरं रागावतील, असं कुणी घाबरून म्हटलं की त्या म्हणायच्या, "माझे सासरे असते तर त्यांनी आनखी कमी करून घेतलं असतं."

आता माझं सांगते. मी धाटावच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये कंत्राटावर केमिस्ट होते. आलटूनपालटून शिफ्ट, त्यातली एक पहाटे घर सोडायला लावणारी आणि एक रात्री उशिरा सोडणारी. पुलाच्या टोकाला कंपनीची बस यायची म्हणून जमत होतं. त्या वर्षी गणपतीनंतर नोटीस लागली की दसऱ्यापासून अष्टमीची बस बंद, ज्याने त्याने आपलं यावं. लॅबच्या साहेबांनी मला सरळ सांगितलं, शिफ्ट जमत नसेल तर दुसरी मुलगी बघावी लागेल. म्हणजे स्कूटर आली तर नोकरी, नाहीतर पालीच्या पलीकडच्या आमच्या गावी परत.

साठवलेले पैसे निम्म्याला पुरत होते. उरलेल्याचं कर्ज घ्यायचं, तर एकट्या, कंत्राटी मुलीला जामीनदार लागतो, असं सगळीकडून ऐकत होते. मी दादाला फोन केला. दादा माझ्याहून मोठा. वडील घरात सगळं त्याच्यावर सोपवून मोकळे झालेले. तो म्हणाला, सही करतो की, त्यात काय. पण मग वर्षभरात मी सांगेन त्या स्थळाला नाही म्हणायचं नाही. हे त्याने भांडून म्हटलं नाही, प्रेमाने म्हटलं, त्यामुळे मला जास्त राग आला. एका सहीच्या बदल्यात तो माझं अख्खं आयुष्य मागत होता आणि त्याला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. मी विचार करते म्हणून फोन ठेवला.

माझा पगार जमा व्हायचा त्या रोह्याच्या बँकेत विचारून आले. ते जामीनदाराशिवाय द्यायला तयार होते, पण कागद वरच्या ऑफिसात जाणार, दिवाळी होईल म्हणाले. दिवाळीपर्यंत माझ्या जागेवर दुसरी मुलगी बसली असती. काकींना मी हे सगळं सांगितलं, दादाची अटसुद्धा. त्या विळीवर भाजी चिरत होत्या. त्यांनी विचारलं, तुला गाडी पायजे का भावाची सही पायजे. गाडी, मी म्हटलं. मग त्या उठल्या आणि वाल भिजत घालायला गेल्या.

रोह्याच्या शोरूममध्ये भाव उतरला नाही. आम्ही एसटीने पेणला गेलो. पितृपक्षाची भर दुपार, शोरूममध्ये आम्ही दोघीच. काकींच्या ओळखीचा सेल्समन होता, त्यांच्याकडून बरीच वर्षं छळून घेतलेला. त्याने डबा पाहिला आणि निमूटपणे पंखा काकींच्या बाजूला वळवला. मी ठरल्याप्रमाणे गाडी बघून घेतली आणि दगडी चेहरा करून बसले. काकींनी सोलायला घेतलं. तासाभरात किंमत इतकी खाली आली की मला स्वतःच्या मांडीला चिमटा काढून गप्प बसावं लागलं. हेल्मेट फुकट, पहिल्या सर्व्हिसिंगला सूट. डबा अजून अर्धाही झाला नव्हता.

मग कर्जाचं बोलायला कोपऱ्यातल्या टेबलावरचा फायनान्सवाला आला. टाय लावलेला तरुण मुलगा, बोलायला गोड. त्याने माझी पगाराची चिठ्ठी पाहिली, खोली भाड्याची का, असं विचारलं, लग्न झालंय का, असं विचारलं. मग म्हणाला, "मॅडम, वडिलांना नाहीतर भावाला घेऊन या. सही झाली की उद्या कर्ज मंजूर."

"हिचा पगार हिला मिळतो का भावाला?" काकींनी विचारलं.

नियम आहे काकी, तो म्हणाला. काकी म्हणाल्या, बघ अजून जरा. पण हे बघणं त्याच्या हातात नव्हतं, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं. काकी दाणे सोलत राहिल्या, तो तेच तेच गोड शब्दांत सांगत राहिला. शेवटी काकींनी ताटली खाली ठेवली आणि म्हणाल्या, मी करते सही, घर हाय माझ्या नावावर. त्याने वय विचारलं. त्यांनी सांगितलं. तो हसला, वाईट हसला नाही, पण हसला. म्हणाला, या वयाचा जामीन आम्ही घेत नाही.

काकींनी ताटली परत मांडीवर घेतली, पण बोटं चालेनात. ते मला बघवलं नाही. माझ्यासाठी त्या बाईने कुणाकडे तरी काही मागितलं होतं, आणि मागायची त्यांना सवय नव्हती. मी उभी राहिले. काय बोलायचं हे ठरवलेलं नव्हतं, पण बोलायला लागल्यावर आवाज कापला नाही, हे मला आजही आवडतं.

मी म्हटलं, "माझा जामीन माझा पगार आहे. रोह्याच्या बँकेने त्यावर कर्ज द्यायचं कबूल केलंय. मी तिथून कर्ज घेते आणि गाडीही रोह्यातूनच घेते."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. दिवाळीचं मी बोलले नाही, एवढंच. रोह्याच्या शोरूमने भाव सोडला नव्हता, तेही बोलले नाही. काकींना दोन्ही माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा वर पाहिलं. मग त्यांनी सोललेले दाणे न सोललेल्या दाण्यांवरच ओतले, डब्याचं झाकण लावलं आणि उठल्या.

फायनान्सवाल्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. पण सेल्समनचा चेहरा पांढरा पडला. इतक्या वर्षांत काकींचा डबा भरलेला असताना बंद झालेला त्याने पाहिला नव्हता. आम्ही पायरीपर्यंत पोचलो नाही तोच तो धावत आला, बसा काकी, बसा मॅडम, पाच मिनिटं, म्हणत. आत जाऊन त्याने मॅनेजरला उठवलं. मॅनेजरने फायनान्सच्या पनवेलच्या साहेबाला फोन लावला. आम्ही बसलो नाही, पायरीवरच उभ्या राहिलो. रस्त्यावरून ट्रक जात होते आणि काकी डबा छातीशी धरून त्यांच्याकडे बघत होत्या. हे गेलं तर माझ्याकडे दादाचीच सही उरली होती.

बऱ्याच वेळाने तो टायवाला मुलगा स्वतः बाहेर आला. सुरुवातीला भरायची रक्कम थोडी वाढवली तर पगाराच्या चिठ्ठीवर होईल, असं म्हणाला. सवयीने त्याने हप्ता सांगायला तोंड उघडलं. "सगळं मिळून किती?" मी विचारलं. त्याने सांगितलं. मी काकींकडे बघितलं नाही. म्हटलं, "बघा अजून जरा." प्रोसेसिंग फी गेली. मग मी आत जाऊन सही केली.

एसटीत काकी खिडकीशी बसल्या आणि उरलेलं बिरडं सोलायला घेतलं. सोललेल्यातून न सोललेलं निवडताना कुरकुरत होत्या की सगळं एकत्र केलं मी येड्यासारखं. शाबासकी वगैरे काही नाही. घरी आल्यावर मात्र त्यांनी बिरड्यात ओलं खोबरं नेहमीपेक्षा जास्त घातलं आणि मला जेवायला बोलावलं. मी दोनदा वाढून घेतलं.

दादाला मी फोनवर एवढंच सांगितलं की गाडी ठरली, दसऱ्याला आणायची आहे. तो पेढे घेऊन थेट पेणला आला. नवी पँट, कपाळाला टिळा, बहिणीची गाडी म्हणून खरोखर आनंदलेला. दसऱ्याचं शोरूम म्हणजे जत्रा. झेंडूच्या माळा, लिंबं, नारळ, आणि गाड्या न्यायला आलेली कुटुंबंच्या कुटुंबं. तिथे एक प्रथा आहे. पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली असते, तिच्यावर गिऱ्हाइकाचं नाव जाड पेनाने लिहितात, आणि ती घराच्या कर्त्या माणसाच्या हातात देऊन गाडीशेजारी सगळ्यांचा फोटो काढतात. आमचा नंबर आला. काकींनी चाकाखाली लिंबू ठेवलं, मी हळदकुंकू वाहिलं. सेल्समन किल्ली घेऊन आला आणि आमच्यातला एकुलता एक पुरुष बघून त्याने ती दादापुढे धरली. दादानेही हात पुढे केला.

काकी हळूच म्हणाल्या, "त्याला नको देऊस. सही हिची हाय."

दादाचा हात तसाच राहिला. त्याने मला विचारलं, "जामीन कोण राहिलं?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "माझ्या एकटीच्या सहीवर झालं."

त्याला ते पटायला वेळ लागला. मागच्या कुटुंबातलं कुणीतरी आटपा म्हणालं. मग दादा बाजूला झाला, किल्ली माझ्याकडे आली. तो चार पावलं मागे गेला, खिशातून मोबाइल काढून माझ्यावर धरला, आणि म्हणाला, "किल्ली वर धर गो, नाव दिसत नाय तुझं."